याकोबाची लबाडी आणि लाबानाचे घर : देवाची दया व शिक्षा यांविषयीच्या वादाची पार्श्वभूमी

श्रद्धावंत माणूस जाणूनबुजून खोटे वागतो तेव्हा देव त्याला टाकून देतो की सांभाळून घेतो, या प्रश्नाचे उत्तर देताना बायबल दोन गोष्टींची ताटातूट करत नाही : दिलेले वचन मागे घेतले जात नाही आणि केलेली फसवणूक फुकटही जात नाही. अब्राहामाने मिसरात आणि पुढे गरारात पत्नीला बहीण म्हणून सांगितले, इसहाकाने तोच कित्ता गिरवला, यरीहो नगरातील राहाबेने इस्राएली हेरांना धाब्यावर लपवून राजाच्या माणसांना भलत्याच वाटेला लावले, हे वाचकांना ठाऊकच आहे. या टिपणात भर आहे तो इसहाकाचा धाकटा मुलगा याकोब याच्यावर, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक वादात त्याचे उदाहरण मध्यवर्ती राहिले.

आई रिबका हिच्या युक्तीने, थोरल्याचा आशीर्वाद मिळवण्यासाठी, दृष्टी गेलेल्या बापापुढे तो थोरला भाऊ एसाव याचे कपडे घालून, हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळून उभा राहिला. शिकार इतक्या लवकर कशी मिळाली, असे इसहाकाने विचारताच परमेश्वरानेच ती आपल्यासमोर आणली असे त्याने सांगितले, म्हणजे खोट्यात त्याने देवाचे नावही ओढले. तरीही घर सोडून पळताना बेथेलला उशाशी दगड घेऊन निजलेल्या याकोबाला स्वप्नात जे ऐकू आले, त्यात रागाचा एक शब्द नाही; तुझ्याबरोबर राहीन आणि या देशात तुला परत आणीन, असे आश्वासन आहे. शिक्षा त्यानंतर सुरू झाली आणि ती वीस वर्षे चालली. मामा लाबान याने लग्नाच्या रात्री त्याने मागितलेल्या धाकट्या राहेलऐवजी थोरली मुलगी लेआ त्याच्याकडे पाठवली, आणि सकाळी जाब विचारल्यावर थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची आमच्याकडे रीत नाही, असे सुनावले. थोरल्याचा आशीर्वाद बळकावलेल्या माणसाला याहून नेमके उत्तर कोणी देऊ शकले नसते. पुढे मजुरी दहा वेळा बदलली गेली, आणि म्हातारपणी त्याच्याच मुलांनी बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला, त्याच्या लाडक्या मुलाचा, योसेफाचा झगा आणून त्याला फसवले. कथेत दया आधी आली, शिक्षा मागून आली, आणि शिक्षा चालू असताना दया थांबलीही नाही.

चर्चच्या सुरुवातीच्या शतकांत मात्र विचारवंतांचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे वळले : इतका थोर पूर्वज खोटे बोलला, असे मानायचे कसे? उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशपने इ. स. ३९५ च्या सुमारास आणि पुन्हा ४२० च्या सुमारास खोटे बोलण्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिले आणि कोणत्याही हेतूने बोललेले खोटे हे पापच, असा कडक निर्णय दिला. पण याकोबापाशी येताच त्याने ते कृत्य खोटे नसून गूढ आहे असे ठरवले. करडांची कातडी म्हणजे पापे आणि ती अंगावर घेणारा म्हणजे इतरांची पापे वाहणारा ख्रिस्त, असा त्याचा अर्थ लावला. पूर्वेकडील काही धर्मपंडित कल्याणासाठी केलेल्या फसवणुकीला सवलत देत होते, तर तेराव्या शतकातील एका डॉमिनिकन पंडिताने उपकारक, विनोदी आणि घातक असे खोट्याचे तीन प्रकार करून तिन्ही पापातच मोजले, आणि याकोबाबद्दल मात्र गूढार्थाचीच री ओढली. या स्पष्टीकरणाने पूर्वजाची अब्रू राखली गेली, पण लाबानाच्या घरातील वीस वर्षांना काही कारणच उरले नाही. ज्याने अपराध केलाच नाही त्याला शिस्त कशाची लावायची आणि त्याच्यावर दया तरी कशासाठी करायची? सोळाव्या शतकात जिनीव्हाच्या सुधारकाने १५५४ च्या भाष्यात रिबकेची श्रद्धा खरी आणि तिची युक्ती दोषी असे सरळ म्हटले, आणि या एका मुद्द्यावर तरी तो मूळ कथेच्या अधिक जवळ होता.

त्याच काळात कॅथलिक बाजूला ट्रेंटच्या धर्मपरिषदेने नोव्हेंबर १५५१ मध्ये पापनिवेदनाचा सिद्धांत निश्चित केला. अपराधाची क्षमा झाली म्हणजे त्याची सगळी ऐहिक शिक्षा आपोआप माफ होतेच असे नाही, हे त्यातील एक सूत्र आहे आणि त्याचा जुना आधार दावीद राजा हा आहे. ज्याची बायको बळकावली त्या सैनिक उरीयाला घरी पाठवण्याचा डाव, त्याला दारू पाजणे आणि अखेर त्याच्याच हाती त्याच्या मृत्यूचे पत्र देणे, एवढी फसवणूक करणाऱ्या राजाला नाथान संदेष्ट्याने एकाच भेटीत क्षमाही सांगितली आणि मूल मरेल हेही सांगितले.

गोव्यात हा सिद्धांत आला तो कुमसाराच्या, म्हणजे पापकबुलीच्या, खुर्चीपाशी आणि त्याचबरोबर न्यायासनावर बसून. एकीकडे १६१६ साली रायतूर येथे एका इंग्रज जेझुइट पाद्रीचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, ज्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराची कथा मराठी ओव्यांत सांगितली आहे, तीही दक्षिण गोव्याच्या साष्टी भागातील नवख्रिस्ती श्रोत्यांच्या शंकांना उत्तरे देण्याच्या थाटात. दुसरीकडे १५६० पासून जुन्या गोव्यात धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) बसले होते, ज्याच्या लेखी श्रद्धावंताची फसवणूक म्हणजे मुख्यतः बाप्तिस्म्यानंतर घरात लपून पाळलेले जुने विधी. या न्यायालयाच्या निशाणावर एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी घेतलेल्या संताचे चित्र होते आणि त्यावर न्याय आणि दया हे दोन लॅटिन शब्द होते, असे १६७४ पासून तेथे कैदेत राहिलेल्या एका फ्रेंच वैद्याने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात नोंदवले आहे. आरोप काय आहे ते कैद्याला सांगितले जात नसे; त्यानेच आठवून कबूल करायचे आणि कबुली पूर्ण ठरली तर दयेची आशा धरायची, अशी पद्धत होती. निशाणावरचे शब्द बायबलचे असले तरी त्यांचा क्रम उलटला होता, कारण बेथेलला याकोबाकडून कोणतीही कबुली मागितली गेली नव्हती आणि नाथानाने दावीदाचा अपराध गोष्टीच्या रूपाने आधी त्याच्यापुढे मांडला होता. मधला १७७४ ते १७७८ चा खंड सोडला तर हे न्यायालय १८१२ पर्यंत चालले. १६८४ च्या हुकमाने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याची सक्ती झाली, आणि ओव्यांतून ऐकलेल्या पूर्वजांच्या कथेपेक्षा न्यायालयाची भीतीच अधिक घरांत पोचली, असे म्हणणे भाग आहे.

खोटे म्हणजे नेमके काय, हा वाद यामुळे येथे केवळ पुस्तकी राहिला नाही. शेजाऱ्याच्या घरात काय चालते ते मला ठाऊक नाही, असे चौकशीला आलेल्या माणसाला सांगणारा श्रद्धावंत खोटे बोलला का? युरोपात यावर दोन वाटा निघाल्या होत्या. एक म्हणजे काही शब्द मनातच राखून ठेवून उरलेले उच्चारायचे, जसे की ‘मी ते केले नाही’ असे म्हणून ‘आज’ हा शब्द मनातल्या मनात जोडायचा. अशी मुभा देणारी मते रोमने १६७९ साली निषिद्ध ठरवलेल्या ६५ मतांत होती. दुसरी वाट एका डच प्रॉटेस्टंट कायदेपंडिताने १६२५ मध्ये दाखवली : ऐकणाऱ्याच्या हक्काचा भंग होत असेल तरच ते खोटे. ही दुसरी कल्पना पुढे साडेतीनशे वर्षांनी कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातच उतरली. १९९२ साली फ्रेंचमध्ये आलेल्या त्या ग्रंथाच्या २४८३ व्या परिच्छेदात, सत्य जाणण्याचा हक्क असलेल्या माणसाला चुकीच्या समजुतीत पाडण्यासाठी सत्याविरुद्ध बोलणे किंवा वागणे म्हणजे खोटे, अशी व्याख्या होती; १९९७ च्या लॅटिन आवृत्तीत हक्काचा उल्लेख असलेला तेवढाच भाग काढून टाकण्यात आला. पहिल्या व्याख्येने राहाब आणि इब्री बालकांना वाचवणाऱ्या मिसरातील सुइणी निर्दोष सुटत होत्या, आणि जर्मन शिपायांपासून यहुदी कुटुंबे लपवणारेही. दुसऱ्या व्याख्येने त्यांचा प्रश्न पुन्हा उघडा झाला. दुरुस्तीवर नाराज असलेल्यांचे म्हणणे वजनदार आहे आणि ते टाळता येत नाही. तरीही, ज्याला सत्य जाणण्याचा हक्क नाही त्याला ते सांगण्यास कोणी बांधलेला नाही, हा २४८९ वा परिच्छेद दोन्ही आवृत्त्यांत कायम आहे, म्हणजे मौनाची वाट बंद झालेली नाही. शिवाय नव्या करारात राहाबेची स्तुती आहे ती तिच्या श्रद्धेबद्दल आणि हेरांना आसरा दिल्याबद्दल. तिच्या खोट्याचा तेथे उल्लेखच नाही. व्याख्या सैल केली की अपराध नाहीसा होतो आणि त्याबरोबर क्षमाही अनावश्यक ठरते, या कारणाने १९९७ ची दुरुस्ती योग्य वाटते.

अलीकडचा सर्वांत दूरगामी बदल मात्र व्याख्येत झाला नसून वाचनात झाला आहे, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. १९६९ मध्ये जाहीर झालेल्या आणि आज गोव्यातील प्रत्येक कॅथलिक चर्चमध्ये चालणाऱ्या वाचनक्रमानुसार याकोबाची कथा विषम वर्षी, सामान्य काळाच्या (मोठ्या सणांच्या हंगामांबाहेरच्या दिवसांच्या) तेराव्या आठवड्यातील शनिवारी, म्हणजे साधारणपणे जुलैच्या सुरुवातीला दैनिक मिस्सामध्ये येते. उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायातील सहा ते चौदा या ओळी, ज्यांत रिबका शाप स्वतःवर घ्यायला तयार होते, त्या वगळलेल्या आहेत आणि वाचन एकोणतिसाव्या ओळीवर थांबते, त्यामुळे एसावाचा आक्रोश ऐकू येत नाही. सोमवारी बेथेलचे स्वप्न वाचले जाते, मंगळवारी यब्बोक नदीच्या काठी अनोळखी पुरुषाशी झालेली याकोबाची झुंज, आणि बुधवारी कथा थेट मिसरातील दुष्काळावर पोचते. लाबानाच्या घरचे तीन अध्याय या ओळीतून पूर्ण निसटले आहेत. उपवासकाळात वाचली जाणारी योसेफाची कथासुद्धा रक्ताने भिजलेल्या झग्याच्या आधीच संपते. सलग वाचनात एवढी काटछाट अपरिहार्य असेल, पण तिचा परिणाम असा की भाविकांच्या कानी दया जशीच्या तशी पडते आणि शिस्तीचा भाग गळून जातो, म्हणून ज्या पाद्रीला हा विषय प्रवचनात पुरा मांडायचा आहे त्याला एकोणतीस ते एकतीस हे अध्याय स्वतःहून उघडून सांगावे लागतात.