जंप स्टार्टर आणि बॅटरी चार्जर: काकांची गाडी चार दिवस का अडली

गेल्या जानेवारीत सकाळी सव्वासातला काकांचा फोन आला. ग्वाल्हेरला त्या आठवड्यात धुकं असं होतं, की लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत समोरच्या घराची गॅलरीसुद्धा दिसत नव्हती.

"अरे, तू सांगितलेला चार्जर आणला मी. लाल-काळे चिमटे लावले की गाडी लगेच सुरू होते. पण आज चौथा दिवस, रोज सकाळी लावावाच लागतोय. माल खराब निघाला बहुतेक."

"काका, फोटो पाठवा बरं त्याचा."

फोटोत तळहाताएवढा काळा डबा होता. एका बाजूला टॉर्च, दुसऱ्या बाजूला मोबाइल चार्ज करायची खाच, आणि वीतभर वायरीला दोन चिमटे. माल उत्तम होता, फक्त तो चार्जर नव्हता. मी चार्जर म्हणालो होतो, दुकानदार म्हणाला होता, "साहब, ये भी वही है, और तार का झंझट नहीं." काकांना ते पटलं. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी पटलं असतं, कारण या दोन वस्तू दिसायला सख्ख्या भावंडांसारख्या आहेत. दोन्हींना लाल-काळे चिमटे, दोन्हींवर १२ व्होल्ट लिहिलेलं, दोन्ही बॉनेट उघडून बॅटरीलाच लावायच्या. त्यात जंप स्टार्टर स्वतःच अधूनमधून चार्ज करावा लागतो, म्हणून घरात 'ते चार्जिंगचं' हे नाव त्यालाच चिकटतं.

फरक एका ओळीत सांगायचा तर जंप स्टार्टर इंजिनासाठी असतो आणि चार्जर बॅटरीसाठी.

थोडा हिशेब मांडू, कारण आकडे पाहिल्यावर काकांनाही ते लगेच पटलं. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. १२ व्होल्टने गुणलं की ४२० वॉट-तास. काकांच्या काळ्या डब्यावर मोठ्या अक्षरात १२,००० मिलिअँपिअर-तास लिहिलेलं होतं. आकडा दणदणीत वाटतो, पण तो आतल्या ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलचा आहे. गुणाकार केला की हाती येतात जेमतेम ४४ वॉट-तास, म्हणजे गाडीच्या बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याएवढी वीज. अख्खा डबा बॅटरीत ओतला तरी बॅटरी भरणार नाही.

मग गाडी सुरू कशी होते? कारण सेल्फ मारायला ऊर्जा थोडी लागते, पण ती एकदम लागते. दीड-दोनशे अँपिअर, दोन-तीन सेकंद. वॉट-तासांत मोजलं तर दोनसुद्धा होत नाहीत. लिथियम सेलची हीच खासियत, की तो अंगात असलेलं सगळं बळ क्षणात काढून देतो. पूर्वी गल्लीतली चार पोरं मागून धक्का मारायची, ते काम आता हा डबा करतो. धक्का मारणारी पोरं गाडी सुरू झाली की घरी जायची. बॅटरीचं पुढे काय, हा प्रश्न त्यांचा नव्हता आणि या डब्याचाही नाही.

चार्जरचा स्वभाव नेमका उलटा आहे. तो भिंतीतल्या प्लगमधून २३० व्होल्ट घेतो आणि बॅटरीत चार-पाच अँपिअर सावकाश सोडत राहतो. त्याला लागणारी वीज छताच्या पंख्याएवढी. अर्धी उतरलेली ३५ची बॅटरी चार अँपिअरने भरायला सहा-सात तास लागतात. आधी वेगाने, मग व्होल्टेज साडेचौदाच्या आसपास धरून हळूहळू, आणि भरली की सव्वातेरा-साडेतेरावर नुसती राखण. या गडबडीच्या सकाळी चार्जर लावून सेल्फ मारायला गेलात तर काही होणार नाही. चार अँपिअर देणाऱ्याकडे दोनशे मागून कसं चालेल?

मग गाडी चालवल्यावर बॅटरी भरत का नाही?

काकांचा पुढचा प्रश्न हाच होता, आणि तो रास्त आहे. गाडीत अल्टरनेटर असतो, इंजिन चालू असताना तो बॅटरी भरतो. पण अल्टरनेटर हा भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी असतो, रिकामी झालेली उभी करण्यासाठी नाही. उतरलेली बॅटरी सुरुवातीला भराभर वीज ओढते, पण जसजशी भरते तसतशी कमी घेते, आणि शेवटच्या टप्प्याला काही तास जातात. काका सकाळी जवळच्या कंपू भागापर्यंत जातात, भाजी घेऊन बाड्याच्या चौकावरून परत येतात. गर्दी धरून वीस-पंचवीस मिनिटं, त्यातली निम्मी गाडी जागेवर उभी. त्यात धुक्यामुळे हेडलाइट चालू, हीटरचा पंखा चालू, मागच्या काचेवरचं दव घालवायच्या तारा चालू. त्या तारा एकट्या दहा-पंधरा अँपिअर खातात. आलेली वीज गेलेल्या विजेत जमा, बॅटरीच्या वाट्याला उरतंय काय?

गाडी नुसती उभी असली तरी घड्याळ, लॉक, अलार्म थोडी थोडी वीज खात राहतात. ५० मिलिअँपिअर धरा. दिवसाला १.२ अँपिअर-तास, पंधरा दिवसांत १८. पुण्याला लग्नासाठी पंधरा दिवस जाऊन आलात तर ३५ची बॅटरी परतल्यावर निम्मी रिकामी सापडेल.

आता थंडीचा दोष किती ते बघू. शिसे-आम्लाच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. तापमान शून्याजवळ गेलं की तिची सेल्फ फिरवायची ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटते. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं, म्हणजे फिरवायला जोर जास्त हवा. डिझेल गाडी असेल तर सेल्फच्या आधी ग्लो प्लगही, म्हणजे इंजिनातले छोटे हीटर, तापवायचे. घेणारा वाढला आणि देणारा थकला, अशी गत.

पण माझ्या मते ग्वाल्हेरच्या बॅटऱ्यांचा खरा वैरी जानेवारी नाही, मे महिना आहे. ४५ अंशांच्या पुढच्या उन्हात बॉनेटखाली बॅटरीच्या आतल्या शिशाच्या जाळ्या झिजतात, पाणी उडतं. उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं म्हणून ते लक्षात येत नाही. उघडं पडतं ते तीन-चार अंशांच्या सकाळी. शिवाय इथे कितीतरी लोक गाडी ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात घेतात, रोड टॅक्समध्ये सूट जाहीर झाली की रांगा लागतात. मेळा थंडीतला, त्यामुळे त्या गाड्यांची बॅटरी जुनी व्हायची वेळही ऐन थंडीतच येते. काकांचीही मेळ्यातलीच होती, चार वर्षांची.

उतरलेल्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. चार दिवस जंप मारून काकांनी नकळत हेच चालवलं होतं. रोज सकाळी गाडी सुरू होत होती आणि रोज बॅटरी थोडी आणखी मरत होती.

चिमटे सारखे, लावायची रीत निराळी

जंप स्टार्टरला आधी लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला, मग काळा. डब्यावरचा दिवा हिरवा झाला की गाडीत बसून सेल्फ मारायचा, तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. नाही उचलली तर अर्धा मिनिट थांबायचं, कारण वायरी आणि सेल दोन्ही तापतात. गाडी सुरू झाली की अर्ध्या मिनिटात चिमटे काढायचे. बहुतेक डब्यांना उलट जोडलं तर वीज अडवणारी सोय असते. पण बॅटरी पार बसलेली असली की डबा तिला ओळखतच नाही, मग 'बूस्ट' नावाचं बटण दाबावं लागतं, आणि ते दाबलं की ती सोय बंद होते. म्हणून बूस्टला हात लावण्याआधी प्लस-मायनस डोळ्यांनी तपासा, मोबाइलचा टॉर्च लावून.

दुसऱ्या गाडीवरून केबल लावून जंप घ्यायची असेल तर शेवटचा काळा चिमटा अडलेल्या गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला लावतात. भरताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. ती ठिणगी बॅटरीपासून लांब उडालेली बरी.

चार्जरच्या बाबतीत आधी दोन्ही चिमटे, मग भिंतीचं बटण. काढताना आधी बटण, मग चिमटे. दिवसभर किंवा रात्रभर लावायचा असल्यामुळे हायड्रोजनची काळजी इथे जास्त. देवडीत गाडी असेल तर दार थोडं उघडं ठेवा, जवळ शेगडी पेटवून शेकत बसू नका. थंडीत हे सांगावं लागतं. इंजिन सिग्नलवर आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर काळा चिमटा बॅटरीच्या मायनसला न लावता बॉडीच्या अर्थिंगला, म्हणजे उघड्या धातूला, लावा. तिथल्या मायनसवर एक सेन्सर बसवलेला असतो, त्याला वगळून भरलं तर गाडीचा हिशेब चुकतो. अशा गाड्यांच्या बॅटऱ्याही वेगळ्या जातीच्या असतात, चार्जरवर तो पर्याय आहे का ते घेतानाच बघा.

मध्येच काकांनी एक कल्पना काढली होती. "घरच्या इन्व्हर्टरवर लावतो ना! १२ व्होल्ट ते १२ व्होल्टच." नको, काका. इन्व्हर्टर दीडशे अँपिअर-तासांची दांडगी बॅटरी भरायला बनवलेला, तो दहा-पंधरा अँपिअर आत ढकलतो. ३५च्या बॅटरीला तो घास मोठा होतो, ती तापते, पाणी उकळतं. मेकॅनिककडचा जुना, गुंगुं करणारा लोखंडी चार्जरही तसाच. त्याला 'भरली, आता थांब' कळत नाही. मेकॅनिक समोर असतो म्हणून त्याच्याकडे ते चालतं, घरी लावून झोपायचं असेल तर आपोआप थांबणाराच हवा.

कोणता घ्यावा हे विचारलंत तर माझं उत्तर सरळ आहे: गाडीपर्यंत प्लग पोचत असेल तर आधी चार्जर. जुन्या वाड्यात देवडीत गाडी उभी राहते, तिथे दिव्याचं बटण असतंच, पंधरा अँपिअरचा प्लगही लागत नाही. आठवड्यातून गाडी दोनदाच निघत असेल तर थंडीत पंधरा दिवसांनी एक रात्र लावली की पुरे. मात्र गाडी गल्लीत, घरापासून लांब उभी असेल तर चार्जरचा काही उपयोग नाही. खिडकीतून वायर सोडून रस्ता ओलांडायचा उद्योग मी केलाय, एका स्कूटरने ती ओढून नेली. अशांनी जंप स्टार्टर घ्यावा, आणि तो घरात ठेवावा. गाडीत ठेवला तर मे महिन्यात त्याच्या लिथियमचे हाल होतात आणि जानेवारीत तोही बॅटरीसारखाच गारठतो. तीन-चार महिन्यांनी त्याला चार्ज करायची आठवण ठेवा, नाहीतर गरजेच्या दिवशी दोघेही मान टाकतील.

आणि दोन्हींच्या आधी, खरं तर, एक साधा मल्टिमीटर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर १२.६ दाखवत असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. इंजिन चालू करून १३.८ ते १४.५ दिसत असेल तर अल्टरनेटर ठीक. तो आकडा तेराच्या खालीच अडकला असेल तर चार्जरही नको आणि जंपही, आधी अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा बघा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर दहा नंबरच्या पान्याने आधी मायनस, मग प्लस सोडवा, गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करून पुन्हा आवळा. निम्म्या 'बॅटरी गेली' तक्रारी तिथेच मिटतात, असा माझा अनुभव.

काकांच्या देवडीत मी माझा चार्जर रात्री लावला. पहाटे हिरवा दिवा, सगळं झकास. चिमटे काढले, दिवसभर गाडीला हात लावला नाही, संध्याकाळी मीटर लावला तर १२.२. भरलेली वीज धरूनच ठेवत नव्हती. दुसऱ्या दिवशी बॅटरीवाल्याने लोड टेस्ट लावली, म्हणजे बॅटरीवर मोठा भार टाकून पाहिला, काटा धपकन खाली आला. नवी बॅटरी बसवली. काकांनी मग चार्जरही घेतला, देवडीतल्या खुंटीला टांगलाय.

या डिसेंबरात सव्वासातला पुन्हा त्यांचा फोन. मी धसकलोच.

"अरे, माझी नाही, समोरच्यांची अडलीये. माझ्या गाडीवरून केबल लावतोय. तो शेवटचा काळा चिमटा इंजिनाला नेमका कुठे लावायचा म्हणालास?"