नोंदवहीत न आलेला खोकला

दर २४ मार्चला, जागतिक क्षयरोग दिनाच्या सुमाराला, मुंबईतल्या टीबी रुग्णांचा आकडा छापून येतो. गेली काही वर्षं तो साठ हजारांच्या आगेमागे आहे. थोडा वाढला की ‘टीबीचा विळखा’, घटला की ‘टीबी आटोक्यात’. दोन्ही मथळे घाईचे, कारण हा आकडा सापडलेल्या रुग्णांचा असतो. २०१९ साली देशात सुमारे २४ लाख टीबी रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये सुमारे १८ लाख. टीबी काही टाळेबंदीमुळे थांबला नव्हता. दवाखाने बंद होते आणि तपासणीची यंत्रं कोविडच्या कामाला जुंपलेली होती.

म्हणून जाणकार माणूस आधी विचारतो, लाख लोकांमागे तपासण्या किती झाल्या? तपासण्या तेवढ्याच राहून रुग्ण घटले तर रोग घटला असं म्हणायला जागा आहे. दोन्ही वाढले, तर बहुधा लपलेले रुग्ण सापडू लागलेत. तपासण्या कमी आणि त्यात पॉझिटिव्हचं प्रमाण जास्त, ही सगळ्यात वाईट जोडी. याचा अर्थ, आजार पार बळावलेलेच लोक दारापर्यंत पोचताहेत.

दारापर्यंत आलेलेही सुटतात. पहिली गळती होते ती नमुन्याच्या डबीत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम यांतलं काही असेल तर दोन नमुने घेतात, एक तिथल्या तिथे आणि दुसरा सकाळी उठल्याउठल्या. प्रत्येक नमुना निदान २ मिलिलिटर हवा. साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खाकरून बेडका काढायचा. हे मोकळ्या हवेत करायचं, गच्चीवर किंवा आवाराच्या कडेला, चारचौघांपासून लांब. पण पाटीवर लिहिलेलं असतं ‘थुंकी तपासणी’, आणि माणूस पाटी वाचून थुंकीच देतो. बघणाऱ्यांच्या संकोचाने बायका तर हमखास. लाळेत जंतू सापडण्याची शक्यता फार कमी, त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि रुग्ण खोकत पुन्हा लोकलमध्ये चढतो. नमुना पातळ, फेसाळ दिसला तर डबी तिथेच परत करून दुसरा मागायला अर्धं मिनिट लागतं. गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेवढंच राहून जातं.

नमुना चांगला असला तरी कशाखाली तपासला यावर बरंच ठरतं. सूक्ष्मदर्शकाने पकडायला एका मिलिलिटरमध्ये ५ ते १० हजार जंतू लागतात. जंतूचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट यंत्राला १३०च्या आसपास पुरतात. ते दोनेक तासांत उत्तर देतं, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल की नाही तेही सांगतं. मुंबईत ही दुसरी माहिती पहिलीइतकीच मोलाची आहे. तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीची हिंदुजा रुग्णालयातली बातमी २०१२च्या सुरुवातीला जगभर गेली, ती याच शहरातून. मात्र उपचार चालू झाल्यावर ‘बरा झालो का’ हे बघायला हे यंत्र वापरू नये. मेलेल्या जंतूचा डीएनएही त्याला दिसतो आणि रुग्ण उगाच घाबरतो. तिथे जुना सूक्ष्मदर्शक किंवा कल्चरच (प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघणं) बरं.

पुढची गळती खासगी दवाखान्यात. ७ मे २०१२ पासून प्रत्येक टीबी रुग्ण सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. तरी न कळवलेले किती, याचा माग केमिस्टच्या वहीत लागतो. १ मार्च २०१४ पासून टीबीची औषधं शेड्यूल एच१ मध्ये, म्हणजे विक्रीची कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. कोणी लिहून दिलं, कोणाला, किती दिलं, हे वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची असते. समजा एका वॉर्डात वर्षभरात एका माणसाला १,२०० महिने पुरेल इतकं रिफाम्पिसिन विकलं गेलं. साधा उपचार सहा महिन्यांचा, म्हणजे निदान २०० रुग्ण. निक्षय या सरकारी टीबी-नोंदणी पोर्टलवर त्या वॉर्डातले खासगी रुग्ण १२० असतील, तर ८० गेले कुठे? हिशेब ढोबळ आहे. स्टेशनजवळच्या दुकानातून दुसऱ्या वॉर्डातला माणूसही घेतो, कुणाला तपासणी न करताच ‘घेऊन बघा’ म्हणून गोळ्या लिहिलेल्या असतात, आणि अर्ध्यात सोडणारे धरले तर माणसं २००हून जास्तच निघतील. उलटी चूकही होते. एकच रुग्ण आधी खासगीत, मग पालिकेच्या रुग्णालयात, नावाचं स्पेलिंग वेगळं, मोबाइल नंबर बदललेला, आणि एकाचे दोन झाले.

त्यानंतरची गळती मुंबईची खास आहे: ‘गावी गेला’. मे महिना, गणपती, शिमगा. निक्षयचा क्रमांक देशभर एकच चालतो, त्यामुळे रुग्ण गावच्या आरोग्य केंद्राकडे वर्ग करता येतो. पण त्यासाठी निघण्याआधी सांगावं लागतं. म्हणून पहिल्याच भेटीत गाव, तालुका आणि तिथला एक नंबर लिहून घ्यावा, आणि सणाच्या पंधरा दिवस आधी ‘जाणार का?’ असं विचारावं. औषधात महिन्याभराचा खंड पडला की नव्याने तपासणी करून औषध चालेल ना, इथपासून सुरुवात.

घरातल्या माणसांची तपासणी, आणि टीबी नसल्याची खात्री करून प्रतिबंधक गोळ्या (आठवड्याला एक असे १२ डोस हा त्यातला एक प्रकार) हे सर्वांना माहीत असतं. पण घर म्हणजे काय? धारावीतल्या जरीच्या कारखान्यात माळ्यावर दहा जण एकत्र झोपतात. त्यांच्या रेशन कार्डावर ते एकमेकांचे कोणीच नाहीत, हवा मात्र एकच. ‘घरात कोण’ ऐवजी ‘रात्री शेजारी कोण झोपतं’ हे विचारलं की यादी बदलते.

हवेवरून आठवलं. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या सात मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत, आणि खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. अशी कोंडलेली हवा टीबीला फावते. म्हणून गोवंडीच्या एम पूर्व वॉर्डात रुग्णाचा पत्ता लिहून घेताना इमारत क्रमांकाबरोबर मजलाही लिहावा. नकाशावरच्या एका ठिपक्यात तळमजला आणि सातवा मजला सारखेच दिसतात.