अपडेट तुमच्याकडे येण्याआधी आम्ही ते आमच्याकडे मोडून पाहतो

रत्नागिरी ते वेंगुर्ला पट्ट्यातील आमच्या ग्राहकांसाठी

तुमच्या बागेच्या पॅकिंग शेडमध्ये, काजू कारखान्यात किंवा होमस्टेत आमचं बिलिंग सॉफ्टवेअर डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं. अपडेटमध्ये नुसत्या फायली बदलत नाहीत. पॅकेजसोबत, म्हणजे अपडेटच्या गठ्ठ्यासोबत, एक छोटी इन्स्टॉल स्क्रिप्ट (आज्ञांची यादी) येते आणि ती रूटच्या, म्हणजे संगणकावरच्या सर्वाधिकारांनिशी चालते. जुन्या पावत्यांचा डेटाबेस नव्या रचनेत आणण्याचं काम तीच करते. तिथे चूक राहिली तर गाडी भरून उभी आणि पावती निघत नाही.

म्हणून आमच्या ऑफिसात तुमच्या संगणकासारखाच एक व्हर्च्युअल, म्हणजे सॉफ्टवेअरनेच उभा केलेला, संगणक ठेवला आहे. आधी त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेतो. बिघडला तर लगेच पूर्वस्थितीत आणता येतो. कोऱ्या संगणकावर स्क्रिप्ट बहुधा चालतेच. कस लागतो तो जुन्या आवृत्तीवर, मागच्या हंगामांच्या पावत्या आत असताना. अपडेट करताना डेबियन स्क्रिप्टला आधीच्या आवृत्तीचा क्रमांक कळवतं, नव्या संगणकावर तो नसतो. त्यामुळे दोन्ही वाटा वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. स्क्रिप्टमध्ये 'सेट -एक्स' लिहिलं की ती चालवत असलेली प्रत्येक आज्ञा पडद्यावर दाखवते, आणि घोडं कुठे अडलं ते सापडतं.

जून लागला की आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून स्क्रिप्ट अर्ध्यात असताना आम्ही मुद्दाम त्या संगणकाची वीज तोडतो. पॅकेज अर्धवट राहतं आणि नंतर तीच स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून पुन्हा चालते. दोनदा चालली तरी डेटा तसाच राहिला पाहिजे. पूर्वी आमची एक स्क्रिप्ट दुसऱ्या वेळी 'फोल्डर आधीच आहे' एवढ्यावरून थांबली आणि एका बागायतदारांच्या आंब्याच्या पेट्या दुपारपर्यंत शेडमध्येच राहिल्या. चूक आमची होती. तेव्हापासून ही तपासणी झाल्याशिवाय कोणतंही अपडेट बाहेर जात नाही, आणि मार्च ते मे या आंब्याच्या हंगामात तर आम्ही अपडेट पाठवतच नाही.

अपडेट चालू असताना लाइट गेलीच, तर परत आल्यावर संगणक सुरू करा आणि आम्हाला फोन करा. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकू नका. अर्धवट राहिलेलं काम 'डीपीकेजी' हे डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन पुढे नेऊ शकतं. त्यासाठीची आज्ञा आम्ही फोनवर सांगू. अपडेटच्या आदल्या संध्याकाळी मात्र पावत्यांचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा.