युरेल पास म्हणजे राखीव जागा नव्हे

"एकदा युरेल पास काढला की युरोपात कुठल्याही गाडीत चढा," हे पुण्यात वर्षानुवर्षं ऐकतेय. (युरेल पास म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत रेल्वेनं फिरण्याचं एकच तिकीट.) परवा कोथरूडच्या काकूंनी सहलीची वही दाखवली: पॅरिस, झुरिक, मिलान, मधल्या रकान्यांत फक्त 'पास'.

हा समज चुकीचा आहे, आणि ऐन स्टेशनवर फार महागात पडतो. पासमध्ये प्रवास येतो, जागा येत नाही. फ्रान्सची वेगवान गाडी टीजीव्ही, लंडनला जाणारी युरोस्टार, इटलीतल्या आणि स्पेनमधल्या वेगवान गाड्या, सगळीकडे आरक्षण सक्तीचं. त्याचे पैसे वेगळे. टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांसाठी जागाही मोजक्याच. काकूंची पॅरिस-झुरिक गाडी टीजीव्हीच! जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या देशांतर्गत गाड्यांत मात्र बहुतेकदा आरक्षणाशिवाय बसता येतं.

वहीत 'पास'शेजारी लाल पेनानं 'आरक्षण' लिहून दिलं.