पार्श्वभूमी: ब्रिज कुणाचा?

मॅटर हे स्मार्ट घरातली वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जोडणारं सामाईक मानक. त्याची १.० आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, तेव्हा एकमेकांचे कट्टर स्पर्धक एका मानकावर सही करायला कसे तयार झाले याचं बऱ्याच जणांना नवल वाटलं. कारणं शोधायला फार मागे जायला नको. १९७५ चं एक्स-१० हे घरगुती उपकरणं दुरून चालवण्याचं तंत्र घरातल्या विजेच्या तारांतूनच संदेश पाठवायचं. पत्ते जेमतेम २५६, आणि कधी कधी शेजाऱ्यांच्या बटणानं आपल्याकडचा दिवा लागायचा. नंतरच्या झेड-वेव्ह या बिनतारी मानकात वेगवेगळ्या ब्रँडांचं बऱ्यापैकी जमायचं, कारण चिप वर्षानुवर्षं मुख्यतः एकाच घराण्याची होती.

खरा गुंता झिगबी या दुसऱ्या बिनतारी मानकात झाला. रेडिओ सगळ्यांचा एकच, पण त्यावरचे प्रोफाइल, म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलायचे नियम, निराळे: घरातल्या इतर उपकरणांसाठी होम ऑटोमेशन, दिव्यांसाठी लाइट लिंक. खोक्यावर झिगबीचा शिक्का असूनही दोन वस्तू एकमेकींना ओळखतीलच असं नव्हतं. हे प्रोफाइल पुढे झिगबी ३.० मध्ये एकत्र आले, पण त्याआधी व्हायचं ते होऊन गेलं होतं.

डिसेंबर २०१५ मध्ये स्मार्ट दिव्यांतल्या सर्वांत परिचित ब्रँडनं आपल्या ब्रिजसाठी, म्हणजे दिवे घरातल्या नेटवर्कला जोडणाऱ्या पेटीसाठी, फर्मवेअर (आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट पाठवलं. त्यानंतर इतर कंपन्यांचे दिवे त्या ब्रिजला नव्यानं जोडता येईनात. ते दिवेही लाइट लिंकवरच चालणारे होते आणि आदल्या दिवसापर्यंत जोडले जात होते. कंपनीचं म्हणणं असं, की न तपासलेले दिवे वाढले की रंग आणि मंदप्रकाश नीट जुळत नाहीत आणि सगळ्याच वापरकर्त्यांचा अनुभव बिघडतो. या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. स्वस्त दिव्यांचे विचित्र चाळे अनेकांनी पाहिले होते. पण त्यावर उपाय म्हणून ॲपमध्ये एक इशारा पुरला असता. कंपनीनं दार बंद केलं आणि किल्ली ठेवली स्वतःच्याच भागीदार-प्रमाणपत्रात. मानक खुलं आहे म्हणून ज्यांनी ब्रिज विकत घेतला होता, त्यांना हा विश्वासघात वाटला, आणि तो राग रास्तच होता. काही दिवसांतच, परिणामांचा अंदाज चुकल्याचं मान्य करून, कंपनीनं निर्णय मागे घेतला.

ही माघार बातम्यांत दोन दिवस टिकली असेल. तिच्यातून उरलेली गोष्ट मात्र मोठी होती: मानक कितीही खुलं असलं, तरी आज चालणारी जोडणी उद्याच्या अपडेटनं जाऊ शकते. २०१६ मध्ये घरातली उपकरणं एकत्र चालवणाऱ्या एका हबचा सर्व्हर बंद झाला आणि घराघरांतली ती पेटी निकामी झाली. २०१९ मध्ये एका थर्मोस्टॅटभोवती उभी राहिलेली जोडणी-योजना गुंडाळण्याची घोषणा झाली आणि ओरड झाल्यावर सौम्य करावी लागली. दुसरीकडे उपकरणं बनवणारेही वैतागले होते. तोच दिवा प्रत्येक मोठ्या ॲपसाठी वेगळा तपासून घ्यावा लागे. डिसेंबर २०१९ मध्ये पुढे मॅटर झालेला संयुक्त प्रकल्प जाहीर झाला तो या वातावरणात.

मॅटरनं त्यातल्या दोन दुखण्यांवर थेट बोट ठेवलं. उपकरणाशी बोलणं घरातल्या नेटवर्कवरच होतं, कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालावा लागत नाही. शिवाय एकच उपकरण किमान पाच वेगवेगळ्या व्यवस्थांना एकाच वेळी जोडता यायला हवं, अशी अट आहे. बाकी प्रगती संथ आहे. फ्रिज आणि सफाईचे रोबो ऑक्टोबर २०२३ मध्ये आले, वीजवापराची मोजणी मे २०२४ मध्ये, तर कॅमेऱ्यांना २०२५ अखेरपर्यंत थांबावं लागलं. मॅटरची बरीच उपकरणं ज्यावर चालतात त्या थ्रेड या बिनतारी जाळ्याचं तर आणखी निराळं: दोन ब्रँडांचे राउटर घरात आले की बरेचदा दोन वेगळी जाळी तयार व्हायची, आणि जाळ्यात शिरायची ओळखपत्रं वाटून घेण्याची ठरलेली रीत थ्रेडच्या सप्टेंबर २०२४ च्या १.४ आवृत्तीत आली.

२०१५ च्या त्या वादातल्या ब्रिजलाही २०२३ मध्ये मॅटरचं अपडेट मिळालं. त्याला जोडलेले दिवे आता दुसऱ्यांच्या ॲपमध्ये दिसतात, पण सजावटीचे खास प्रकाशखेळ कंपनीच्याच ॲपमध्ये राहिले. आणि त्या अपडेटनं ब्रिजचे दिवे बाहेर नेले, इतरांचे मॅटर दिवे ब्रिजमध्ये आणले नाहीत.