दुसरी डिस्क लावली की काय होतं

बऱ्याच राउटरच्या पाठीमागे यूएसबीचं एक पोर्ट असतं आणि ते वर्षानुवर्षं रिकामंच राहतं. त्यात एखादी एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली, सेटिंगमध्ये एकदोन ठिकाणी टिचकी मारली, की तिच्यातले फोटो आणि व्हिडिओ घरातल्या लॅपटॉपला, फोनला, टीव्हीला वायफायवरून दिसू लागतात. एका डिस्कपर्यंत सगळं सुरळीत असतं. मग ती भरते, दुसरी येते, आपण एक छोटा हब (एका पोर्टची अनेक पोर्टं करणारी डबी) आणून दोन्ही त्यावर लावतो, आणि तिथून खरी गंमत सुरू होते.

माझ्याकडे ती आवाजानेच सुरू झाली. दुसरी डिस्क लावताच आतून ‘टिक’, मग मोटर फिरू लागल्याची बारीक घरघर, पुन्हा ‘टिक’. महिनोन्महिने निमूट चालणारी पहिली डिस्कसुद्धा यादीतून गायब. तासभर मी राउटरच्या सेटिंगमध्ये उलथापालथ करत बसलो. दोष तिथे नव्हताच, डिस्कना वीज पुरत नव्हती.

यूएसबी २.० चं पोर्ट नियमाप्रमाणे ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० चं ९००. म्हणजे अडीच वॉट आणि साडेचार वॉट. अडीच इंची पोर्टेबल डिस्क एकदा फिरायला लागली की एवढ्यात भागवते. पण थांबलेली तबकडी मिनिटाला ५,४०० फेऱ्यांपर्यंत न्यायची तर पहिले काही सेकंद तिला जवळपास १ अँपिअर लागू शकतो. उभी हातगाडी हलवताना पहिला रेटा मोठा लागतो, तसंच. हबला स्वतःचा अडॅप्टर नसेल तर एका पोर्टची वीज दोघींत वाटली जाते. दुसरीने रेटा दिला की व्होल्टेज खाली येतं आणि दोघींमधले सर्किट पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

तो ‘टिक’ मात्र ऐकण्यासारखा आहे. डिस्कचा हेड, म्हणजे तबकडीवर लिहिणारा-वाचणारा भाग, तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतो. वीज गेली की त्याला ताबडतोब बाजूला न्यायला हवं, नाहीतर तो तबकडीवर टेकेल. पण वीजच नाही तर हलवायचा कशाने? तबकडी अजून फिरतच असते, त्यामुळे तिची मोटर उलटी जनित्रासारखी वापरली जाते आणि त्या उरल्यासुरल्या विजेवर हेड आपल्या जागी जाऊन बसतो, तोच हा ‘टिक’. हार्ड डिस्कमधली ही मला सर्वांत आवडणारी युक्ती आहे. दर पाच सेकंदांनी ती वापरायला लावणं मात्र बरं नव्हे.

यावर उपाय एकच, स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. साडेतीन इंची मोठ्या डिस्कना १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असतोच, त्यांचा हा प्रश्न नाही. काही स्वस्त हब मात्र उलटी वीज राउटरकडे ढकलतात; राउटर बंद करूनही त्याचा दिवा मिणमिणत राहिला, तर हब बदला.

मुळात राउटर मध्ये लागतो तरी कशाला? डिस्कला ‘फाइल’ म्हणजे काय ते ठाऊक नसतं. तिला कळतात ते फक्त क्रमांक दिलेले ५१२ किंवा ४,०९६ बाइटचे कप्पे. कुठल्या कप्प्यात कोणत्या फाइलचा कुठला तुकडा, ही नोंदवही सांभाळते ती फाइल सिस्टिम, आणि नोंदवहीवर लिहिणारा हात एकच असेल असं ती गृहीत धरते. दोन संगणक थेट लिहू लागले तर दोघेही तोच कप्पा रिकामा समजून भरतील. म्हणून वही राउटरच्या ताब्यात असते आणि बाकीचे त्याच्याकडे फाइल मागतात. मागण्याची बोली म्हणजे एसएमबी. राउटरच्या आत बहुधा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असते, आणि त्याला ही बोली शिकवली सांबा या सॉफ्टवेअरने. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात १९९२ च्या सुमारास हे काम सुरू केलं. पुढे एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारा शब्द त्यांनी संगणकाच्या शब्दयादीत शोधला आणि ‘सांबा’ सापडला.

जुन्या राउटरना या बोलीची फक्त पहिली आवृत्ती येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच आवृत्तीतल्या भोकातून पसरला, आणि त्याच वर्षअखेरीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये ती आपोआप येईनाशी झाली. फोनवर दिसणारी डिस्क लॅपटॉपवर दिसत नसेल, तर संशय आधी इथे घ्यावा.

दोन डिस्क झाल्या की नावांचा घोळ सुरू होतो. लिनक्सला जी डिस्क आधी सापडेल ती ‘एसडीए’, नंतरची ‘एसडीबी’. वीज जाऊन आली आणि दुसरी डिस्क आधी जागी झाली, की नावांची अदलाबदल. काही राउटर हीच नावं फोल्डरला देतात, मग रात्रीचा बॅकअप बिनबोभाट भलत्याच डिस्कवर जातो. प्रत्येक फाइल सिस्टिमवर तिचा स्वतःचा ओळख क्रमांक कोरलेला असतो. चांगले राउटर तो किंवा आपण दिलेलं लेबल बघतात. तेव्हा दोन्ही डिस्कना आधी लॅपटॉपला लावून वेगवेगळी लेबलं द्यावीत. एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसरीवर काढली असेल तर ओळख क्रमांकही जुळा येतो, आणि राउटर गोंधळला तर त्याला बोल लावता येत नाही.

एका डिस्कवरून दुसरीवर २० जीबी हलवायचे आहेत. दोन्ही शेजारी शेजारी, एकाच हबवर. लॅपटॉपवर फाइल ओढून टाकली की ती अनेकदा पहिल्या डिस्कवरून राउटरमार्गे हवेतून लॅपटॉपवर येते आणि त्याच हवेतून परत जाते. म्हणजे ४० जीबीचा प्रवास, तोही अशा वायफायवर जिथे एका चॅनेलवर एका वेळी एकच बोलू शकतो. खरा वेग सेकंदाला ४० एमबी धरला तर सतराएक मिनिटं. डिस्क लॅपटॉपलाच लावून हे काम उरकणं शहाणपणाचं. हबवर ५ गिगाबिट लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नये; राउटरचा प्रोसेसर त्याच्या बराच आधी धापा टाकतो.

फाइल सिस्टिमबद्दल थोडक्यात: एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. आणि डिस्क उपटण्याआधी राउटरच्या पानावरचं ‘सुरक्षित काढा’ दाबावं, कारण लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत ठेवतं आणि तो डिस्कवर उतरायला तीसेक सेकंदही लागू शकतात.

वीज, नावं, लेबलं सगळं जमल्यावरही माझं वायफाय अधूनमधून मंदावायचं, आणि तेही फक्त डिस्क चालू असताना. यूएसबी ३.० ची तार २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक टिपणच काढलं होतं. हब राउटरच्या अँटेनाला टेकून ठेवला होता. आता चांगलं आवरण असलेली तार लावून तो हातभर लांब खालच्या फळीवर ठेवलाय.