चित्रपट उद्योगाचे जागतिकीकरण

चित्रपटांची निर्मिती, वितरण आणि प्रदर्शन हे व्यवहार देशांच्या सीमा ओलांडून पसरण्याची प्रक्रिया. चित्रपट आधी देशोदेशी रुजला आणि मग जागतिक झाला, असे सहसा मानले जाते. प्रत्यक्षात तो जन्मापासूनच फिरता होता. चित्रपटाचे आद्य प्रवर्तक असलेल्या फ्रान्सच्या ल्यूमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रां कॅफेत तिकीट लावून खेळ केला आणि पुढच्या जुलैपर्यंत त्यांची माणसे लंडन, न्यूयॉर्क, मुंबई येथे पोहोचली होती. त्यांचे सिनेमॅटोग्राफ हे यंत्र हाताने फिरवायचे. तेच चित्रण करी, तेच प्रत काढी आणि तेच पडद्यावर दाखवी. त्यामुळे यंत्रचालक ज्या गावी जाई तिथले रस्ते टिपून तिथल्याच लोकांना दाखवू शके.

या प्रसाराला फिल्मच्या समान मापाचा मोठा आधार मिळाला. एडिसनच्या कार्यशाळेत ठरलेली ३५ मिमी रुंदी पुढे सर्वत्र रूढ झाली आणि कुठलेही रीळ कुठल्याही चित्रगृहात चालू लागले. मूकपटाला भाषेचाही अडसर नव्हता. मधल्या मजकुराच्या पाट्या कापून त्या जागी दुसऱ्या भाषेतल्या जोडल्या की काम होई.

पहिल्या महायुद्धापूर्वी या बाजारावर फ्रान्सचे, विशेषतः पाथे कंपनीचे वर्चस्व होते. १९०७ मध्ये पाथेने प्रती विकणे थांबवून त्या भाड्याने देण्याचे धोरण जाहीर केले. उद्योगाची खरी सत्ता वितरकाच्या हाती असते, हे तेव्हापासून स्पष्ट आहे. युद्धात युरोपातील निर्मिती खालावली आणि ती जागा हॉलीवूडने घेतली. अमेरिकेची देशांतर्गत बाजारपेठच एवढी मोठी होती की खर्च बहुधा घरीच भरून निघे आणि परदेशात चित्रपट स्वस्तात देणे परवडे.

१९२७ नंतर बोलपट आला आणि भाषेची भिंत उभी राहिली. त्यावरचा एक उपाय आज विलक्षण वाटतो. पॅरामाउंट या हॉलीवूडच्या कंपनीने १९३० मध्ये पॅरिसजवळ झ्वांव्हील येथे स्टुडिओ चालवला. तिथे एकाच पटकथेवर, त्याच सेटवर, वेगवेगळ्या भाषांतले नट आळीपाळीने उभे राहत. पण प्रेक्षकांना मूळचेच तारे हवे होते आणि खर्चही झेपेना. मग मोठ्या भाषांत डबिंग आणि लहान भाषांत स्वस्त पडणारी सबटायटल्स अशी विभागणी झाली. ती बऱ्याच अंशी आजही टिकून आहे.

हॉलीवूडच्या लोंढ्यापुढे देशी निर्मिती जगवण्यासाठी ब्रिटनने १९२७ मध्ये कायद्याने कोटा, म्हणजे देशी चित्रपटांचा किमान वाटा, ठरवला. दक्षिण कोरियातील चित्रगृहांना वर्षाकाठी १४६ दिवस देशी चित्रपट दाखवणे बंधनकारक होते; २००६ मध्ये ते ७३ वर आले. फ्रान्सची वाट अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल. तिथे १९४८ पासून प्रत्येक तिकिटावरील कराचा पैसा देशी चित्रपटांकडे वळवला जातो, म्हणजे परदेशी चित्रपटाचे यशही त्यांच्याच कामी येते.

प्रवाह एकाच दिशेने वाहिला असे मात्र नाही. १९९० च्या दशकात नायजेरियात चित्रगृहांवाचून, बाजारात विकल्या जाणाऱ्या व्हिडिओ कॅसेटींवर एक संपूर्ण उद्योग उभा राहिला आणि त्याचे चित्रपट आफ्रिकाभर पोहोचले.

डिजिटल प्रक्षेपणाने रिळांच्या प्रतींचा खर्च संपवला. नेटफ्लिक्सने तर जानेवारी २०१६ मध्ये एका दिवसात १३० नव्या देशांत सेवा सुरू केली. वितरकाची सत्ता मात्र कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. पूर्वी तिकीटखिडकीवरचा गल्ला निर्मात्याला निदान मोजता येई. आता प्रेक्षकसंख्येचा सविस्तर तपशील प्रामुख्याने प्रसारण मंचाच्या हाती असतो आणि हक्क अनेकदा ठरावीक रकमेला विकले जातात.